दमानेबुवांचा अभ्यास

दमानेबुवांचं चरित्र आणि त्यांचा विचार हिंगोलीपासून परभणीपर्यंत माझ्याइतका कुणाला ठाऊक नव्हता, हे मी भर बाजारात उभं राहून सांगू शकतो. आता बुवा होते जर्मन, त्यांच्यावरचं पुस्तक होतं इंग्रजी आणि मी मराठी चौथी नापास, तेव्हा त्यातलं एक अक्षर मी वाचलं असेल असं नाही. पण ऐकलं भरपूर. ऐकण्यात मी कधी नापास झालो नाही.

धंदा माझा शिंप्याचा. दिवसभर कापड कापलं की मशीनखाली कातरण साचतं. फेकावं तर रंग चांगले असतात, ठेवावं तर त्याची टोपीही होत नाही. त्या बैठकीचे किस्से माझ्याकडं असेच साचलेत. आज जरा झटकतो. त्यातून सदरा निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बैठक म्हणजे काय, तर जवळा बाजारला मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. रविवारी उपासना झाली, जेवणं झाली की दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही चौघं बसायचो. शांतवन मास्तर हे मिशनचे उपदेशक, त्यांना पाळक, म्हणजे मंडळीचा पाद्री, व्हायचं होतं. सुवार्ताबाई दवाखान्यातली नर्स. चौघांत इंग्रजी तिलाच येत होतं, म्हणून पुस्तक तिच्या हातात. करीमचाचा पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचे. त्यांचा ना मिशनशी संबंध ना जर्मनीशी, पण ओट्याला दुपारी सावली बरी असायची. चौथा मी, याकोब टेलर.

मी काहून जात होतो? सुवार्ताबाईसाठी. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला डोकं चालवायची तकलीफ नको.

मिशनच्या हिंगोलीतल्या गोऱ्या साहेबांनी मास्तरांना अट घातली होती. या जर्मन धर्मपंडिताच्या चरित्राचा आणि विचाराचा अभ्यास करा, तोंडी परीक्षा द्या, पास झालात की पाळक. सुवार्ताबाईच्या बापानंही मास्तरांना अट घातली होती. पाळक झालात की लगीन. म्हणजे मास्तर पास झाले की बाई गेली, नापास झाले की आणखी काही वर्षं रविवार. आता सांगा, मी देवाला काय मागायचं? मी मागायचो, 'देवा, मास्तरांना बुद्धी दे.' कधी दे, ते काही बोलायचो नाही.

बाईला मात्र या सगळ्यात कुणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा. इंग्रजी वाचणाऱ्या बाईला चौथी नापास शिंप्यानं विचारायचं तरी काय, बाह्या लांब ठेवू का आखूड?

*

पहिल्या रविवारी बाईनं बुवांचं खरं नाव वाचून दाखवलं. मास्तरांनी ते म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. करीमचाचा गडबडीनं उठले. "पानी लाऊँ क्या मास्टर? ठसका लगा दिसता."

नाव बाजूला ठेवलं आणि विचाराकडं वळलो. बाईनं एक पान मनात वाचलं, बोटानं ओळ धरून ठेवली आणि औंढ्याच्या रस्त्याकडं बघत राहिली. मराठी शब्द शोधताना ती नेहमी त्या रस्त्याकडं बघायची, शब्द तिकडूनच बैलगाडीत बसून येणार असल्यासारखी. तेवढ्या वेळात तिच्याकडं कितीही बघितलं तरी तिला कळत नसे. माझं जे काही धर्मज्ञान आहे, ते सगळं तेवढ्या वेळातलं.

मग ती म्हणाली, "हे म्हनतात, मानसानं देवाला ओढून आनायला जाऊ नये. तो येतो. मानसानं फक्त दमानं घ्यावं."

"मग ठरलं," मी म्हटलं. "ह्यांचं नाव दमानेबुवा."

मास्तर रागावले. एवढ्या मोठ्या पंडिताची चेष्टा करता म्हणाले. पण पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, "बाई, दमानेबुवा कुठपर्यंत आले होते?"

*

मग दुकानात येईल त्याला मी सांगू लागलो, की आपले दमानेबुवा तिकडं जर्मनीत मोठे झालेत, मोठमोठे गोरे त्यांच्या पायाशी बसून शिकून राहिलेत. बाजारच्या गावात बोललेलं कुठवर जाईल याचा नेम नसतो. हे साखऱ्यापर्यंत गेलं. आणि साखऱ्याला दमान्यांचं खरंच एक घर होतं.

शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेला आलेली एक म्हातारी विचारत विचारत आमच्या ओट्यावर आली. तिचा पोरगा लहानपणी घरातून निघून गेला होता. कुणी म्हणे मुंबईला, कुणी म्हणे बोटीवर.

"जर्मनीत निघाला म्हनतात," ती म्हणाली. "दाखवा."

 बाईनं पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथं बुवांचा फोटो होता. चष्मा, कोट, तोंडात साहेबी चिलीम. म्हातारीनं पुस्तक उन्हात धरलं, जवळ घेतलं, लांब नेलं.

"रंग उजळंल म्हना परदेशात," ती म्हणाली. "पर नाक त्येचं न्हाई."

पुस्तक तिनं परत दिलं, पण लगेच नाही. मग पदराची गाठ सोडून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि ओट्यावर ठेवल्या. "ह्येला पत्र लिहाल तवा एवढं लिहा. मायला चिठ्ठी धाडत जा म्हनावं."

"आजी, ह्यांची माय तिकडंच जवळ असंल," मास्तर समजूत घालायला गेले.

"मंग तर लिहाच," म्हातारी म्हणाली. "जवळच्याला कोनी धाडत न्हाई."

*

त्या फोटोतल्या चिलमीनं मास्तरांची झोप उडवली. ज्याचा अभ्यास करून आपण पाळक व्हायचं, तो धूर सोडतो? त्यांनी पांढऱ्या कागदाची एक पट्टी कापली आणि खळ लावून चिलमीवर चिकटवली.

रविवारी बाईनं पुस्तक उघडलं. नर्सच ती. फोटो जवळ धरून म्हणाली, "मास्तर, पट्टी कुनी बांधली? जखम तर दिसत न्हाई."

पट्टी निघाली. मास्तर खट्टू झालेले पाहून करीमचाचांना कळवळा आला. म्हणाले, "बुरा मत मानो मास्टर. बीडीवाले को जल्दी रहती. इंतजार करना चिलमवालाच जानता."

मास्तर ताठ बसले. दमानं घ्यावं हे काही धर्मशास्त्राला शोभत नाही, वाट पाहावी म्हणावं तर वाट बैलसुद्धा पाहतो, असं त्यांचं कित्येक दिवस चाललं होतं. साहेब उर्दू शिकलेले. त्यांच्यापुढं वजनदार शब्द पाहिजे.

"इंतजार," मास्तर म्हणाले. "बराबर. हाच शब्द."

आणि त्या दिवसापासून ते आंघोळ करताना, सायकल पुसताना, मयतीला जाताना 'इंतजार, इंतजार' घोकू लागले. पाठांतर वाईट असतं. घोकलेला शब्द घासून घासून कुठं जाईल सांगता येत नाही.

*

मोठी लढाई लागली आणि जर्मन म्हटलं की लोक दचकू लागले. कुणीतरी वर्दी दिली, की जवळ्याच्या दवाखान्यात जर्मनाचं पुस्तक वाचतात. निजामाच्या पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून ओट्यापाशी आले.

"ये जर्मन कौन है?"

मास्तरांचं उर्दू थोडं, भीती भरपूर. मीच पुढं झालो. "साब, इनकी वहाँ के मूँछवाले से नहीं जमती. कसम खाने को बोला, नहीं खाई. नोकरी गई."

"किताब में सिखाता क्या है?"

"इंतजार, हुजूर," करीमचाचा म्हणाले.

अमीनसाहेब घोड्यावरून उतरले. त्यांचा बायको-लेकरांचा संसार औरंगाबादेला होता आणि बदलीसाठी अर्ज करून करून ते थकले होते, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. त्यांनी खुर्ची मागवली. बाईनं एक पान वाचलं, त्याचं मराठी केलं, चाचांनी त्या मराठीचं उर्दू केलं. इतके मुक्काम करून आलेल्या बुवांच्या अंगावर काय उरलं होतं ते त्यांनाच ठाऊक. पण अमीनसाहेब मान खाली घालून ऐकत होते.

उठताना त्यांनी हळूच विचारलं, "इससे तबादला आता क्या?"

"तबादले का मालूम नहीं, हुजूर," चाचा म्हणाले. "दिल लगा रहता."

"पढ़ो," अमीनसाहेब म्हणाले. "मगर उसको जर्मन मत बोलो. मेरे को लिखना पड़ता."

"नहीं बोलते साब," मी म्हटलं. "दमाने बोलते. साखरे के हैं."

त्यांनी तसं लिहून घेतलं. सरकारदरबारी बुवा आजही साखऱ्याचेच असतील.

*

परीक्षेला मास्तरांना हिंगोलीला बैलगाडीनं मीच घेऊन गेलो. साहेबांच्या बंगल्याच्या खिडकीखाली करडईच्या पोत्यावर बसलो, म्हणजे आतलं सगळं ऐकू येत होतं.

बुवांचा जन्म, बुवांची शाळा, बुवांची नोकरी कशी गेली, मास्तर घडाघडा बोलले. मला वाटलं, आता बाई गेली. मग साहेबांनी विचारलं, "ह्या सर्वांचं सार काय? मनुष्यानं काय करावं?"

"मनुष्यानं देवाचा इंतजाम करावा," मास्तर म्हणाले.

साहेब म्हणाले, "इंतजाम?"

"जी. पूर्ण इंतजाम."

"जेवणाचा, की मुक्कामाचा?"

मास्तरांना वाटलं, हा पुढचा प्रश्न आहे. छाती काढून म्हणाले, "दोन्हीचा."

परतीच्या वाटेवर मी बैलांशी बोललो, मास्तरांशी बोलायची सोय नव्हती. जवळ्याला पोचलो तेव्हा बाई ओट्यावर उभी होती. मास्तर म्हणाले, "नापास."

"बरं," ती म्हणाली आणि सुया उकळायला आत गेली.

त्या 'बरं'चा अर्थ मी अजून लावून राहिलो.

*

एका रविवारी बुवांच्या तरुणपणाचं पान निघालं. बुवा एका खेड्यात पाळक होते, तेव्हा तिथली शाळेतली बाई त्यांच्या मनात भरली. रोज तिच्या फाटकापर्यंत जायचे, हवापाण्याचं बोलायचे, परत यायचे. एवढंच. तिला दुसरीकडं दिली. बुवांनी मग लग्न केलंच नाही.

सुवार्ताबाईनं ते पान दोनदा वाचलं. मराठी एकदाच सांगितलं. मग पुस्तकावर हात ठेवून म्हणाली, "काहून बोलले नसतील?"

"प्रभूची इच्छा," मास्तर म्हणाले.

"हिंमत नहीं हुई होगी, बेटी," करीमचाचा म्हणाले. "अच्छे अच्छों की नहीं होती."

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. रस्त्याकडं नाही, माझ्याकडं.

मी म्हटलं, "बोलतील कसे? तोंडात चिलीम होती ना."

चाचा हसून आडवे झाले. मास्तर, जे माझ्या बोलण्यावर कधी हसत नसत, तेही हसले. बाईनं पुस्तक मिटलं. "आज इतकंच," म्हणाली. ऊन पायरीला आलं की आम्ही उठायचो, त्या दिवशी ते अजून आलंच नव्हतं.

माझ्या सगळ्या आयुष्यातला तो गाजलेला विनोद. चाचा लोकांना बोलावून बोलावून सांगायचे.

*

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. त्या गडबडीच्या दिवसांत मुसलमानांना धास्ती होती, करीमचाचांनी दार लावून घेतलं. त्यांच्या पिंजणाची तार सकाळपासून वाजायची, ती गप्प झाली. ओट्यावर आम्ही तिघं बसलो, पण वाचन काही पुढं सरकेना. मास्तर दोनदा म्हणाले, "चाचा असते तर उर्दूत नीट सांगितलं असतं." उर्दू अमीनसाहेबांना लागायचं, मास्तरांना नाही. पण ते असंच म्हणाले.

शेवटी बाई पुस्तक घेऊन उठली. आम्ही तिच्या मागं. चाचांच्या दारावर थाप मारली.

"कौन?" आतून आवाज आला, अगदी बारीक.

"दमानेबुवा," मी म्हटलं.

कडी निघाली. आत न पिंजलेल्या कापसावरच बसलो. चाचांनी आमची तोंडं एकेक करून पाहिली. मग म्हणाले, "तुम्हारे बुवा तो बोलते, खुदा खुद आता. इधर तो तुमीच आए."

"तो बी येऊन राहिला, चाचा," बाई म्हणाली. "मागं पत्ता विचारत असंल."

चाचांनी डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेले. बाईच्या केसांना कापसाचा एक पुंजका चिकटला होता. मी वाचन ऐकत होतो की तो पुंजका बघत होतो, ते काही सांगत नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

*

त्याच हिवाळ्यात साहेबांनी मास्तरांना पुन्हा बोलावलं. जाताना गाडीत मी त्यांना एकच सल्ला दिला. "मास्तर, शब्द आठवला तर बोला. न आठवला तर गप बसा. काही झालं तरी इंतजाम म्हनू नका."

खिडकीखाली पोतं या वेळी कापसाचं होतं. साहेबांनी शेवटी तोच प्रश्न विचारला. मनुष्यानं काय करावं?

मास्तर गप्प.

साहेबही गप्प. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. कुणीतरी चहा आणून ठेवला, तो कुणी उचलला नाही. मी खिडकीच्या कडेतून डोकावलो. मास्तर हात जोडून, डोळे मिटून, ओठ घट्ट धरून बसलेले. शब्द शोधताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा, पण साहेबांना ते कुठं माहीत? साहेबांची मान हळूहळू झुकत गेली. मला वाटलं, झोपले.

मग साहेब मान वर करून म्हणाले, "शांतवनराव, आजपर्यंत सर्वांनी मला ह्याचं उत्तर दिलं. समजलं फक्त तुम्हाला."

पास.

मास्तर बाहेर आले, माझा हात धरून मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "याकोबभाऊ, शब्द कोनता होता हो?"

"इंतजार, मास्तर."

"हां, तोच," ते म्हणाले. "आता काय, लागत न्हाई."

*

दीक्षेचा झगा मीच शिवला. लग्न नाताळाच्या आधी हिंगोलीला झालं. मी पंगतीत बसलो, बुंदी मागून घेतली, वऱ्हाडाला हसवून हसवून बेजार केलं. नंतर नवे पाळक आणि पाळकीणबाई जालन्याकडं गेले. पुस्तकही त्यांच्याबरोबर गेलं. पण लग्नाच्या आधीच्या आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं.

लग्नाचं पोलकं माझ्याकडंच शिवायला आलं होतं. मापाला बाईनं तिचं जुनं पोलकं पाठवलं होतं, निळ्या बारीक ठिपक्यांचं. त्याला टिंक्चरचा वास येत होता. नवं कधीच शिवून झालं होतं. मी ते कुणाच्या हाती पाठवत नव्हतो, बटनं राहिलीत असं सांगत होतो. शेवटी ती स्वतःच दुकानात आली.

"झालं का?"

"झालं. शिवण पाहून घ्या."

तिनं पोलकं उलटं केलं आणि टाक्यावरून बोट फिरवत नेलं, बरी होत आलेली जखम पाहावी तसं. "बारीक घातलेत टाके," म्हणाली.

मी दोन्ही पोलकी घडी करून कागदात बांधली. तिनं पुडकं घेतलं. पण ती गेली नाही. तिच्या येण्याआधी मी तीन विनोद तयार करून ठेवले होते, एक मास्तरांवर, एक तिच्या बापावर, एक जालन्याच्या शिंप्यांवर. तिन्हींतला एकही आठवेना. मशीनचं चाक हातानं थोपवून धरलं आणि म्हटलं,

"बाई, पुस्तक आपन चौघांनी ऐकलं. पर बुवा सांगतात तसं वागलो मी एकटाच. इतकी वर्षं मी तुमची वाट पाहून राहिलो."

तिनं पुडक्याची गाठ एकदा ओढून पाहिली.

"वाट पाहून राहिले होते व्हय तुमी?" ती म्हणाली. "मला वाटलं, गंमत पाहून राहिले."